हातभर होडी आणि मुशीचा शेजार



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी यंदा मला विषय विचारला, तेव्हा मी "शार्क मासा" असे सांगताच ते क्षणभर गप्प झाले. तीस वर्षे मी कामगारांत वावरलो आहे. माझ्या तोंडून किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, फार तर गिरण्यांचे बंद पडणे एवढेच निघायचे, अशी लोकांची समजूत आहे आणि ती गैर नाही. शिवाय समुद्र आपल्यापासून दूर. एक रात्र आगगाडीत काढल्याशिवाय हिंगणघाटच्या माणसाला मुंबईचा किनारा दिसत नाही. आमच्या युनियनमधील एका ढिवर मित्राने तर सरळच विचारले, "भाऊ, तुमचा अन् समुद्राचा काय संबंध हाय बा?"

संबंध आहे. आपली वणा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी समुद्रात. हा भूगोल तुम्हांस ठाऊकच आहे. परंतु माझा संबंध धंद्याचा आहे. एकाच जागी दोघांना पोट भरायचे आहे, जागा दोघांपैकी एकाच्याही मालकीची नाही, आणि त्यांतील एकाला बोलता येत नाही; अशा वेळी वाटणी कशी करावी, हा प्रश्न कामगार चळवळीत आम्हांला रोज पडतो. तोच प्रश्न मी समुद्रावर पाहिला आणि मला तो सोडवेना, म्हणून मी वाचू लागलो. शाळा माझी नववीतच सुटली. पुढचे जे काही शिक्षण ते वाचनालयांत झाले, तेव्हा चुकलो तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

काही वर्षांपूर्वी असंघटित कामगारांच्या एका शिबिरासाठी मी मालवणला गेलो होतो. शिबिर आटोपले आणि परतीच्या गाडीला एक दिवस अवकाश होता. शिबिरात ओळख झालेल्या एका वृद्ध मच्छीमाराला मी म्हणालो, "काका, मला एकदा तुमच्याबरोबर न्या." पहाटे आम्ही निघालो. होडी म्हणजे आपल्याकडच्या डोंग्यासारखीच अरुंद आणि लांबट. फरक इतकाच की एका अंगाने दोन आडव्या काठ्या बाहेर काढून त्यांच्या टोकांना एक ओंडका बांधलेला होता. त्याला उलांडी म्हणतात. होडी लाटेने कलू लागली की हा ओंडका तिला सावरतो. बसल्यावर पाहिले तर पाणी कडेपासून जेमतेम वीतभर खाली. मोठ्या बोटीतून माणूस समुद्राकडे पाहतो. इथे माणूस समुद्रातच बसलेला असतो.

काकांनी गळ सोडला. तासाभरात तीन तांबोश्या मिळाल्या. तेव्हा मी माझे शहाणपण दाखविले. आपल्याकडे वणेवर, धामेवर गळाने मासे धरणारे लोक मासा कल्ल्यातून दोरीत ओवतात आणि दोरी पाण्यात सोडून ठेवतात. मासा ताजा राहतो. काकांची पाठ माझ्याकडे होती. मी तिन्ही मासे ओवले आणि दोरी होडीच्या कडेला बांधून पाण्यात सोडली. थोड्या वेळाने दोरीला असा हिसका बसला की होडी हलली. ओढून पाहतो तो दोन मासे जागेवर, तिसऱ्याचे नुसते डोके! चिरणीही कशी, तर विळीवर चिरावे तशी साफ. खाली पाहिले. माझ्याहून लांब अशी एक करडी सावली होडीखालून निघून गेली, आणि तिला कसलीही घाई नव्हती.

माझी वाचाच बसली. काका वळले, त्यांनी दोरी वर घेतली, उरलेले मासे होडीत टाकले आणि म्हणाले, "भियाव नका. ती आपल्या वाटेन जातली." मग थोडे थांबून, "वाडलेला ताट भायर ठेवल्यार कुत्रो येतलोच ना!" इतके बोलून त्यांनी नांगराचा दगड वर घेतला आणि आम्ही तेथून दोनएक फर्लांग दूर वल्हवत गेलो. जागा चांगली होती, मासा लागत होता, तरी ती सोडली. मला त्याचे नवल वाटले. आमच्या शिक्षणात लागलेली जागा सोडायची नसते.

ही गोष्ट तुम्हांस अशासाठी सांगितली की परदेशात आता या प्रकाराला खेळाचे रूप आले आहे. कयाक नावाची एक होडी असते. मूळची ती उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांची. वाहून आलेल्या लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सील प्राण्याचे कातडे ताणून ते ती करीत आणि एकट्याने बसून शिकार करीत. आज ती प्लास्टिकची मिळते, दहा-बारा फूट लांब, एकाच माणसाची, दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याची. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका येथे असंख्य लोक सुटीच्या दिवशी तीत बसून समुद्रात गळ टाकतात. आपल्याकडे तारकर्ली-देवबागला पर्यटकांसाठी कयाक आल्या आहेत. तेव्हा आमच्या काकांची होडी आणि त्या हौशी गृहस्थाची कयाक यांत फरक एवढाच की एकाला मासा मिळाला नाही तर चूल थंड राहते, आणि दुसऱ्याला तो मिळाला नाही तरी सोमवारी पगार मिळतो. पाण्यातल्या शेजाऱ्याला मात्र हा फरक कळत नाही. दोघांनाही तो सारखाच वागवतो.

तर हा शेजारी कोण? आपण ज्याला शार्क म्हणतो, त्याला मुंबईकडे मुशी म्हणतात आणि मालवणकडे मोरी. मुशी ही एक जात नव्हे, ते कुळ आहे. भारताच्या समुद्रात मुशी आणि तिचे चुलत भावंड पाखट अशा मिळून दीडशेहून अधिक जाती आहेत. मुंबईच्या बाजारात टोपलीत दिसते ती हातभर लांबीची, चपट्या तोंडाची निरुपद्रवी मुशी. हातोडीसारख्या डोक्याची असते तिला कानमुशी म्हणतात. पाच-सहा फुटांची, परांची टोके काळी असलेली एक जात आहे. आमच्या होडीखालून गेली ती तीच असावी असे काकांचे म्हणणे. आणि सर्वांत मोठा, चाळीस फुटांच्याही वर वाढणारा व्हेल शार्क तर पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातो. म्हणजे या कुळातला जो सर्वांत धिप्पाड, तो माणसाला चावू म्हटले तरी चावू शकत नाही. माणसाला धोका पोचवू शकतील अशा जाती थोड्या. त्यांत तीन विशेष: मोठा पांढरा, पट्टेवाला टायगर आणि आखूड तोंडाचा बुल शार्क. यांतला शेवटचा ध्यानात ठेवण्याजोगा, कारण तो गोड्या पाण्यातही राहू शकतो आणि नद्यांतून फार आत शिरतो. निकाराग्वाच्या सरोवरात तो आहे. अमेझॉनमध्ये तर समुद्रापासून हजारो किलोमीटर आत तो सापडलेला आहे. आपण घाबरू नये. आपल्या वणेत तो यायचा तर वाटेत दवलेश्वरमचा बंधारा आहे, आणि पुढेही माणसाने त्याच्यासाठी अडथळे पुष्कळ बांधून ठेवले आहेत.

चाळीस कोटी वर्षांहून अधिक काळ हे कुळ पाण्यात आहे. जमिनीवर झाडे झाली ती त्याच्यानंतर. इतक्या जुन्या कामगाराच्या अंगी कसब असणारच. सूतखात्यातला एखादा जुना जॉबर तुम्ही पाहिला असेल. शेकडो चात्या एकदम फिरत असतात, कानठळ्या बसतात, आणि हा गृहस्थ दाराशी उभा राहून सांगतो की त्या ओळीतली अमुक चाती बिघडली. मुशीचे तसेच आहे. तिच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेषा असते, तिने तिला पाण्याचा थरथराट कळतो. नीट पोहणारा मासा आणि गळाला लागून तडफडणारा मासा यांची थरथर निराळी. ती तिला दुरून कळते. रक्ताचा वास तिला पाण्यात अतिशय विरळ झालेलाही कळतो. आणि तिसरी गोष्ट तर आपल्याला नसलेले इंद्रियच आहे. तिच्या नाकाडावर बारीक छिद्रे असतात, त्यांच्या आत लोळीसारखा पदार्थ भरलेल्या नळ्या. लोरेन्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १६७८ मध्ये त्यांचे वर्णन करून ठेवले; पण त्या कशासाठी, हे कळायला विसावे शतक उजाडले. प्रत्येक जिवंत स्नायूच्या हालचालीतून जी अत्यंत क्षीण वीज निघते, ती या नळ्यांना जाणवते. वाळूत दडून बसलेला मासा तिला डोळ्यांनी न पाहता सापडतो, तो असा.

आता विचार करा. छोट्या होडीत बसलेला मच्छीमार काय करतो? तो पाण्यात गळ टाकतो, मासा तडफडवतो, रक्त सांडतो, आतडी काढून पाण्यात फेकतो आणि ओवलेले मासे कडेला टांगतो. म्हणजे भोंगा वाजवून जेवणाची पाळी झाली असे जाहीर करतो, आणि मग कोणी आले की "हल्ला झाला" म्हणून ओरडतो.

धोका किती आहे ते आकड्यांनी पाहू. आम्हां युनियनवाल्यांना आकड्यांशिवाय कोणी उभे करीत नाही. अमेरिकेत फ्लॉरिडा विद्यापीठाच्या संग्रहालयात शार्कच्या हल्ल्यांची जागतिक नोंदवही ठेवली जाते. तीत २०२४ या वर्षी, माणसाने छेड न काढता झालेले चावे साऱ्या जगात ४७ आणि त्यांतले मृत्यू ४ नोंदले आहेत. त्याच्या आदल्या वर्षी ते अनुक्रमे ६९ आणि १० होते. गरीब देशांच्या किनाऱ्यांवरचे सगळे प्रसंग अशा वहीत पोचत नाहीत हे मला समजते; आमच्या कारखान्यांतले सगळे अपघात तरी कुठे वहीत जातात! तरीही आकडा चार-पाच पटींनी वाढवला तरी तो लहानच राहतो. १९७५ साली 'जॉज' नावाचा चित्रपट आला आणि जगभर लोक गुडघाभर पाण्यातही उतरायला भिऊ लागले. ज्या लेखकाच्या कादंबरीवरून तो काढला, त्या पीटर बेंचली यांनी पुढे आयुष्यभर शार्कच्या रक्षणासाठी काम केले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

लहान आकड्याने गाफील राहू नये, हेही खरे. डिसेंबर २०१३ मध्ये हवाई बेटांतील माउईजवळ एक गृहस्थ कयाकमधून मासे धरीत होते. त्यांचा एक पाय कडेवरून पाण्यात सोडलेला होता. शार्कने तो धरला. सोबती दुसऱ्या कयाकमध्ये काही अंतरावर होता. तो पोचला, त्याने जखम बांधली, पण मनुष्य वाचला नाही. तेथेच ओआहू बेटाजवळ मे २०२३ मध्ये एका टायगर शार्कने एका मच्छीमाराच्या कयाकवर सरळ धडक मारली. तो लाथ मारून सुटला आणि त्याला ओरखडाही आला नाही. जवळच एक जखमी सील तरंगत होता, आणि आपली कयाक त्या शार्कला सीलच वाटली असावी, असे त्याने स्वतःच सांगितले. आपल्या राज्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, वैतरणेच्या पाण्यात, मासे धरायला गेलेल्या एका तरुणाच्या पायाला शार्कने भयंकर चावा घेतला. समुद्रापासून इतक्या आत असे होईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पुढे तो शार्कही मेलेला आढळला.

या प्रसंगांत एक गोष्ट दिसते. गिरणीत ज्याचा हात पट्ट्यात जातो, त्याला व्यवस्थापक बेफिकीर म्हणतात. आम्ही विचारतो, पट्ट्यावर जाळी होती का? समुद्रावर जाळी बसवता येत नाही. तेथे माणसाची रीतभात हीच जाळी. पाय आणि हात होडीच्या आत ठेवायचे. धरलेला मासा ताबडतोब होडीत घ्यायचा, पेटीत झाकून ठेवायचा. पाण्यात टांगायचा नाही. मासा साफ करायचा तो किनाऱ्यावर. पाणी गढूळ असताना, नदीच्या मुखाशी, तिन्हीसांजेला जपून राहायचे, कारण त्या वेळी तिला आपण नीट दिसत नाही आणि ती चाचपून पाहते. तिला चाचपायला हात नाहीत, दातच आहेत. जिथे पक्षी तुटून पडले आहेत आणि मासळी उसळते आहे, तिथे हौशी माणसाला पहिला मोह होतो, नेमका तो टाळायचा. एकट्याने जायचे नाही. अंगात तरंगजाकीट घालायचे, कारण छोट्या होडीतला माणूस मुशीच्या दाताने मरण्यापेक्षा होडी उलटून बुडण्याचा संभव कितीतरी अधिक. मुशी दिसलीच तर वल्हे आपटून पाणी खळबळवायचे नाही. शांतपणे जागा बदलायची. आणि गळाला मुशीच लागली तर दोरी कापायची. तिला होडीजवळ ओढून आणून गळ सोडवू पाहणे म्हणजे चालू यंत्रात हात घालणे होय.

"दोरी कापायची" हे मी सहज बोलून गेलो, पण हा मुद्दा साधा नाही. दोरी, गळ, वजन यांना पैसे पडतात. हौशी गृहस्थ ते सोडून देतो आणि घरी जाऊन गोष्ट सांगतो. आमच्या काकांच्या दृष्टीने ती अर्ध्या दिवसाची मजुरी. आणि मुशीने गळावरचा मासा तोडून नेला तर तीही मजुरीच गेली. लांब दोरीला शेकडो गळ लावणाऱ्यांना तर सकाळी दोरी ओढताना नुसती डोकीच हाती लागतात, असेही दिवस येतात. तेव्हा मच्छीमाराचा मुशीवर राग असतो, आणि तो राग शहरातल्या प्राणिप्रेमी माणसाने कमी लेखू नये. परंतु मी काकांना विचारले की पूर्वी कसे होते? ते म्हणाले की त्यांच्या तरुणपणी या जागी मुशा कितीतरी अधिक होत्या आणि मासेही अधिक होते. आज मुशा कमी आहेत. मग मासे वाढायला हवे होते. ते वाढले नाहीत. त्यांनी मला हे कोड्यासारखे घातले, उत्तर दिले नाही.

उत्तराचा एक भाग असा आहे. बांगड्याची मादी लाखाच्या घरात अंडी घालते. पुष्कळ मेली तरी उरलेल्यांनी समुद्र भरतो. मुशीचे तसे नाही. तिच्या पुष्कळ जाती पोटात पिलू वाढवतात आणि जिवंत पिलाला जन्म देतात. काळ्या परांच्या मुशीला वयात यायला चार ते सात वर्षे लागतात, गर्भ दहा ते बारा महिने राहतो, एका वेळी बहुधा चार ते सात पिले होतात, आणि पुढचे वर्ष ती विसावा घेते. म्हणजे आपल्या घरच्या म्हशीसारखा हिशेब झाला. आता गोठ्यातल्या वासरांसकट म्हशी बाजारात नेल्या, तर दूध किती दिवस मिळेल? बारीक आसाची जाळी किनाऱ्याजवळ फिरतात, आणि किनाऱ्याजवळचे उथळ पाणी हेच मुशीच्या पिलांचे पाळणाघर. शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये हिशेब मांडला की खुल्या महासागरातील शार्क आणि पाखट यांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली. वर्षाला मारल्या जाणाऱ्या शार्कची संख्या दहा कोटींच्या आसपास असावी, असा एक अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बाजूला वर्षात चार किंवा दहा माणसे, दुसऱ्या बाजूला दहा कोटी मुशा. संप-टाळेबंदीच्या वाटाघाटीत असे दोन आकडे माझ्यासमोर आले असते, तर आक्रमक कोण हे मला वेगळे विचारावे लागले नसते.

मुशीला माणसाने मारले ते नुसते खाण्यासाठी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात परदेशाहून येणारे कॉड माशाचे तेल थांबले, तेव्हा मुंबई, मद्रास, कालिकतकडे मुशीच्या यकृताचे तेल काढण्याचे उद्योग निघाले. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर. युद्धानंतर ते जीवनसत्त्व कारखान्यात बनू लागले आणि ती मागणी ओसरली. मग परांना भाव आला, चीनकडील श्रीमंतांच्या सारासाठी. किनाऱ्यावर मात्र छोटी मुशी हे गरिबाचे अन्न. तिला काटे नाहीत, कूर्चा असते. बाळंतिणीला तिचे कालवण देण्याची रीत आहे. (मोठ्या मुशीच्या मांसात पारा साठतो म्हणून गर्भवतीने ती खाऊ नये असे डॉक्टर सांगतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.) तेव्हा "मुशी मारू नका" असा एक फलक लावला की काम झाले, असे नाही.

सरकारने एकदा तसा फलक लावून पाहिला होता. २००१ च्या मे महिन्यात व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले, ते योग्यच झाले. पण जुलैत एका फटक्यात सगळ्याच मुशा आणि पाखट त्यात घातले. ज्यांच्या जाळ्यात ते रोज येतात, त्यांना कोणी विचारले नाही. देशभर किनाऱ्यावर ओरड झाली आणि डिसेंबरात सरकारला ती यादी दहा जातींवर आणावी लागली. मी हा इतिहास वाचला तेव्हा मला आमच्याकडचे कितीतरी हुकूम आठवले, जे खात्यातल्या माणसाला न विचारता निघाले आणि फळ्यावरच वाळले. पुढे २०१३ मध्ये नुसते पर कापून धड समुद्रात फेकण्याला बंदी झाली आणि २०१५ मध्ये परांची निर्यात बंद झाली. हे दोन्ही निर्णय छोट्या मच्छीमाराच्या ताटातले काही काढून घेत नव्हते, व्यापाऱ्याच्या तिजोरीवर होते, आणि म्हणून मला ते अधिक शहाणपणाचे वाटतात.

याच्या उलट गुजरातेत काय झाले पाहा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क येतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची तेथे मोठी कत्तल चाले. २००४ मध्ये मोहीम सुरू झाली आणि मोरारी बापूंनी लोकांना सांगितले की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. तिला 'व्हाली' म्हणजे लाडकी असे नाव मिळाले. मी कीर्तन-प्रवचनाचा फारसा भोक्ता नाही, पण जो युक्तिवाद पत्रकांनी झाला नसता तो एका उपमेने झाला. अर्थात नुसत्या उपमेने नव्हे. जाळे कापून मासा सोडला तर जाळ्याची भरपाई वनखात्याकडून मिळू लागली. त्यानंतर मच्छीमारांनी शेकडो व्हेल शार्क स्वतःच्या हातांनी जाळी कापून सोडले. आपल्या राज्यानेही २०१८ च्या अखेरीस अशीच योजना काढली. संरक्षित प्राणी सोडताना जाळ्याचे नुकसान झाले तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई. कापलेल्या दोरीची मजुरी समाजाने भरायची, हे तत्त्व एकदा मान्य झाले की बोलणी पुढे सरकतात.

आता ज्या पाण्यात आम्ही गेलो होतो त्याबद्दल. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरांचा. स्थानिक मच्छीमारांचा त्याला पहिल्यापासून विरोध. बाहेरच्या माणसाला वाटते, हे लोक निसर्गाचे वैरी आहेत. काकांशी बोलल्यावर माझी ती समजूत गेली. त्यांची भीती अशी की वल्ह्याच्या होडीला मज्जाव होईल, आणि रात्री दिवे लावून येणाऱ्या मोठ्या नौकांना कोणी अडवणार नाही. कायदा नाही असे नाही. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. त्याखाली किनाऱ्यालगत पाच ते दहा वाव खोलीच्या आत ट्रॉलनौकांना मज्जाव आहे. पर्ससीन जाळ्यांवर फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने मर्यादा घातल्या. एलईडी दिव्यांच्या मासेमारीला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी केली. २०२१ मध्ये राज्याने दंड लाखांत नेले. इतके असून रात्री किनाऱ्यावर उभे राहिले की क्षितिजावर दिव्यांची ओळ दिसते. मी स्वतः पाहिली. त्या नौकांवर राबणारे खलाशी पुष्कळसे नेपाळहून आलेले. त्यांना ना हजेरीपट ना विमा. त्यांच्यावर मी रागावू शकलो नाही.

आणि छोट्या मच्छीमाराला मी देवही करीत नाही. त्याच्या जाळ्यातही मुशीची वीतभर पिले येतात आणि बाजारात वाट्यावर विकली जातात. मी काकांना तसे म्हणालो. ते चिडले नाहीत. म्हणाले की पिले जिवंत असली तर ते सोडतात, मेलेली असली तर सोडून कोणाचा फायदा? मग मी विचारले की सगळेच असे करतात का? त्यावर त्यांनी विडी पेटविली.

त्या सकाळी दुसऱ्या जागी आम्हांला फारसे काही मिळाले नाही. एकदा गळाला जड काही लागले. दोरी सरळ खाली गेली आणि होडी तिच्याबरोबर ओढली जाऊ लागली. काकांनी दोन क्षण अंदाज घेतला, कोयतीने दोरी कापली आणि हाताला पीळ पडला होता तो चोळत बसले. गळ नवा होता. किंमत विचारायचे मला धैर्य झाले नाही. किनाऱ्यावर आलो तेव्हा होडीत दोन तांबोश्या, थोडी बारीक मासळी आणि ते एक डोके. डोके मी फेकणार होतो. काकांनी ते काढून घेतले आणि घरात देऊन सांगितले की पाहुणे जेवायला आहेत, याचा सार करा. आमच्याकडे माशाचे डोके पाहुण्याला वाढीत नाहीत, म्हणून मी जरा बिचकत पानावर बसलो. पण त्या दिवशी जेवणात सर्वांत चविष्ट तेच होते.